मंडळीचे स्वराज्य कोणासाठी?

ज्या धर्मसंस्थेत पोप नाही, बिशप नाही, वंशपरंपरेने चालत आलेला भटही नाही. ज्या संस्थेतील धर्मगुरू सभासदांच्या मतांनी नेमला जातो व सभासदांच्याच मतांनी घरी पाठविला जातो, त्या संस्थेत जुलमाला जागा उरतेच कोठे, असा सवाल मोठ्या आत्मविश्वासाने टाकण्यात येतो. सवाल टाकणारे बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक मंडळीकडे बोट दाखवितात. तेथे सारे सभासद समान, तेथे धर्मातील लोकशाही पुरी झाली. तुम्हीही आपल्या विहाराची समिती मतांनी निवडा म्हणजे तुमचे काम झाले, असा त्यांचा आम्हांस उपदेश असतो. उदाहरण उत्तम आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. पुरोहिताच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या कुटुंबांना 'आता सारे तुमच्याच हाती' हे वाक्य फार गोड लागते. म्हणूनच हे उदाहरण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची नीट उलटतपासणी केली पाहिजे.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करू. बॅप्टिस्ट मंडळीत जन्माने कोणी येत नाही. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती ठरविणे त्या पंथाला मंजूर नाही. जाणत्या वयात माणसाने स्वतःच्या तोंडाने आपली श्रद्धा सांगावी आणि मग त्याला पाण्यात पुरते बुडवून बाप्तिस्मा द्यावा, हा त्यांचा नियम. त्याला सभासद करून घ्यावयाचे की नाही, हे सभा ठरविते. एक गाव सोडून दुसऱ्या गावी जाणारा सभासद जुन्या मंडळीचे पत्र नव्या मंडळीला देतो. पाळक हवा असेल तेव्हा सभासद आपल्यातून एक समिती निवडतात. समिती उमेदवाराची चौकशी करते, त्याचे प्रवचन ऐकते, त्याचे नाव सभेपुढे आणते, आणि मग मते घेतली जातात. पाळकाखालोखाल मान डीकनचा. मराठी बायबलात या पदाला 'सेवक' असा साधा शब्द आहे. शिवाय खजिनदार, चिटणीस, विश्वस्त, रविवारच्या शाळेचे शिक्षक ही मंडळी असतातच. काही ठिकाणी अनेक वडील मिळून कारभार पाहतात, तरी पाळकाची नेमणूक, अंदाजपत्रक, सभासदाला काढून टाकणे अशा बाबतींत अखेरचा शब्द बहुधा सभेचाच. प्रांताच्या किंवा देशाच्या बॅप्टिस्ट संघटना आहेत, पण त्या स्वेच्छेने एकत्र आलेल्या मंडळ्यांच्या. त्यांना स्थानिक पाळक नेमता येत नाही, काढताही येत नाही.

सभेची ही सवय त्या लोकांत इतकी मुरलेली आहे की, अमेरिकेत सभानियमांचा जो ग्रंथ आजही प्रमाण मानतात त्याचा उगमच एका बॅप्टिस्ट सभेच्या गोंधळात आहे. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरवर १८६३ साली न्यू बेडफर्ड येथील बॅप्टिस्ट मंडळीत अध्यक्षस्थानी बसण्याचा प्रसंग आला. सभा हाताबाहेर गेली, आणि त्या फजितीतून अभ्यास करून त्याने १८७६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. (सभेचे नियम ही केवळ पश्चिमेची देणगी होय असे ज्यांना वाटते, त्यांनी बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण काढून वाचावे. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान ही सारी भिक्षुसंघाला ठाऊक होती, हे त्यांनी तेथे सांगून ठेवले आहे.)

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या पंथाचा जन्मच राजसत्तेशी भांडून झाला. जॉन स्मिथ व थॉमस हेल्विस हे इंग्रज आपल्या अनुयायांसह हॉलंडमध्ये आश्रयास गेले आणि १६०९ साली ॲमस्टरडॅम येथे त्यांनी पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. हेल्विस पुढे मायदेशी परतला व १६१२ च्या सुमारास लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथे त्याने इंग्लंडच्या भूमीवरील पहिली मंडळी स्थापन केली. माणूस पाखंडी असो, तुर्क असो वा यहुदी असो, त्याच्या श्रद्धेबद्दल त्याला शिक्षा करण्याचा अधिकार राजाला नाही, असे त्याने पुस्तक लिहून पहिल्या जेम्स राजाला कळविले. त्याबद्दल त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले, व थोड्याच वर्षांत त्याचा अंत झाला. अमेरिकेत रॉजर विल्यम्सला मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केले, तेव्हा त्याने १६३६ साली प्रॉव्हिडन्स वसविले आणि पुढे दोनएक वर्षांत तेथे त्या खंडातील पहिली बॅप्टिस्ट मंडळी निघाली. धर्म बदलण्याचा हक्क ज्यांना प्राणाहून प्रिय आहे, त्या आपल्यासारख्यांनी या माणसांचे ऋण मानण्यास संकोच करू नये.

डीकनपदाची कथा तर आम्हांस अधिकच जवळची वाटावी अशी आहे. बॅप्टिस्ट लोक या पदाचे मूळ 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दाखवितात. जेरुसलेमच्या पहिल्या मंडळीत रोजचे अन्न वाटले जाई. त्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार उठली. म्हणजे पंक्तिप्रपंच! प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सांगितले की, तुमच्यातून सात माणसे निवडा, त्यांच्याकडे हे काम सोपवू. लोकांनी सात निवडले; आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या स्त्रिया उपाशी राहिल्या त्यांच्याच माणसांच्या हाती पळी देण्यात आली. सेवकपदाचा जन्म भेदभावाच्या तक्रारीतून व त्या तक्रारीच्या निवारणातून झाला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

आता कसोटीकडे वळू. ही कसोटी बाबासाहेबांची आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण कधीच न झालेल्या भाषणात त्यांनी पुरोहितपणाविषयी काही मागण्या मांडल्या. पुरोहितपण शक्य तर नष्टच करावे. ते शक्य नसेल तर निदान वंशपरंपरा तोडावी. सरकारने परीक्षा ठेवावी, उत्तीर्णास सनद द्यावी, सनदेवाचून कोणी विधी केल्यास तो गुन्हा ठरावा. आणि पुरोहित हा सरकारी नोकराप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र असावा. या यादीत एक गोष्ट नाही, हे कोणाच्या लक्षात आले आहे काय? भक्तांनी मते देऊन भट निवडावा, ही मागणी तिच्यात नाही. बाबासाहेबांना मतपेटीचे वावडे होते म्हणून काय? मताधिकारासाठी ज्याने साऊथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत झुंज दिली, त्याच्याविषयी असे कोण म्हणेल? खरे कारण वेगळे आहे. निवडणारे लोक जसे असतील तसाच पुरोहित ते निवडतील, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांचा भर पुरोहिताला जाब विचारणाऱ्या बाहेरच्या कायद्यावर होता. बॅप्टिस्ट मंडळीत मत आहे, पण हा दुसरा आधार नाही. उपदेशकांना ही उणीव दिसत नाही, म्हणून ती इतिहासातून दाखविणे भाग आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील गोऱ्या बॅप्टिस्टांना मताचा अधिकार होता, सभा होत्या, ठराव होते, आणि गुलामही होते. सवाना शहरात अँड्र्यू ब्रायन नावाच्या गुलामाला १७८८ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपल्या लोकांना जमवून उपदेश केल्याबद्दल याच माणसाला फटके खावे लागले, तुरुंगही पाहावा लागला. १८४४ साली दक्षिणेकडील मंडळ्यांनी गुलाम बाळगणाऱ्या इसमाला धर्मप्रचारक म्हणून नेमावे असा आग्रह धरला. देशव्यापी बॅप्टिस्ट संस्थांनी तो मानला नाही. तेव्हा मे १८४५ मध्ये ऑगस्टा येथे त्यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही वेगळी संघटना काढली. माणूस विकत घेणारा माणूस देवाच्या सेवेस पात्र आहे, हे त्यांनी सभा भरवून, प्रतिनिधी पाठवून ठरविले. या पातकाबद्दल त्या संघटनेने माफीचा ठराव केला तो १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

ती सारी जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. ठीक. मग नजीकच्या काळातील एकाच गावाची गोष्ट घेऊ. जॉर्जिया राज्यातील प्लेन्स हे भुईमूग पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे लहानसे गाव. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर याच गावच्या बॅप्टिस्ट मंडळीत डीकन होते. १९६५ साली नागरी हक्कांच्या चळवळीतील लोक गोऱ्यांच्या मंडळ्यांच्या दाराशी येऊन, आम्हांला उपासनेला बसू द्या, असे म्हणू लागले. तेव्हा प्लेन्सच्या डीकनांनी शिफारस केली की, कृष्णवर्णीयांना व चळवळ्यांना आत घेऊ नये. शिफारस रीतसर सभेपुढे आली. कार्टर विरोधात बोलले. मतदान झाले. विरोधात अवघी सहा मते पडली, आणि त्यांतील बहुतेक कार्टर कुटुंबाचीच होती. पुष्कळ सभासद हात वर न करता स्वस्थ बसून राहिले.

सूचना होती, चर्चा होती, मतदान होते, विरोधी मताला बोलण्याची मुभा होती. कार्यपद्धतीत काय उणे राहिले? काहीच नाही. १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी उभे राहिलेल्यांची आपण नातवंडे-पतवंडे आहोत. तेथे दार पुजाऱ्यांनी व सनातन्यांनी अडविले होते, येथे ते लोकशाहीने अडविले. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोन दारांत फरक कोणता? आणि दार लावण्याची शिफारस कोणी केली तर ज्यांचे पद पंक्तिप्रपंच मोडण्यासाठी जन्मास आले, त्या डीकनांनी!

हा ठराव अकरा वर्षे टिकला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, म्हणजे कार्टर यांच्या निवडणुकीच्या मतदानास दोन दिवस उरले असता, क्लेनन किंग हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक सभासदत्व मागण्यासाठी त्या दाराशी आले. मंडळीने त्या रविवारची उपासनाच रद्द केली. १४ नोव्हेंबर रोजी पुन्हा सभा भरली आणि बंदी उठली. साऱ्या जगाचे लक्ष त्या गावाकडे लागले नसते, गावचा डीकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला नसता, तर ती त्या दिवशी उठली असती काय? बंदीच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या पाळकाला १९७७ च्या आरंभीच राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी असंतुष्ट सभासद बाहेर पडले व त्यांनी मारानाथा नावाची निराळी मंडळी स्थापन केली.

राष्ट्राध्यक्षपद संपवून गावी परतल्यावर कार्टर दांपत्य या नव्या मंडळीत दाखल झाले. तेथे जिमी कार्टर दर रविवारी बायबलचा वर्ग घेत. त्यांच्या पत्नी रोझलिन या तेथे डीकन झाल्या. कार्टर मंडळीच्या आवारातील गवत कापीत आणि रोझलिन स्वच्छतागृहे साफ करीत. झाडू जन्माने ज्यांच्या हाती दिला गेला अशा समाजातील आम्हां वाचकांना या चार ओळींचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. सेवा ही पाळीने व स्वखुशीने केली जाते तेव्हा ती सेवा; एकाच जातीच्या किंवा एकाच लिंगाच्या माथी मारली जाते तेव्हा ती वेठ. परंतु भारावून जाण्यापूर्वी हेही पाहावे की, ही मंडळी मतदानात हरलेल्यांनी व कंटाळून बाहेर पडलेल्यांनी उभी केली. जुन्या मंडळीचे स्वराज्य त्यांना आत राहून सुधारता आले नाही.

'स्थानिक मंडळी स्वतंत्र आहे' या तत्त्वाचा उपयोग सत्ताधारी कसा करतात, याचा याहून मोठा पुरावा आमच्या डोळ्यांदेखत पुढे आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांची चौकशी प्रसिद्ध केली. वीस वर्षांत सुमारे ३८० पाळक, पदाधिकारी व स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप, आणि सातशेहून अधिक बळी. एका मंडळीतून गुपचूप निघालेला पाळक दुसऱ्या मंडळीत बहुमताने निवडला जाई, कारण तेथील सभासदांना त्याचे पूर्वचरित्र कोणी सांगतच नसे. अशा गुन्हेगारांची सर्व मंडळ्यांना पाहता येईल अशी नोंदवही ठेवा, ही मागणी पीडित स्त्रियांनी वर्षानुवर्षे केली होती. २००८ साली संघटनेच्या धुरीणांनी ती फेटाळली. कारण काय दिले? प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्हांला तिच्यावर अधिकार नाही! पुढे मे २०२२ मध्ये नेमलेल्या चौकशीचा अहवाल बाहेर आला, तेव्हा उघड झाले की, मध्यवर्ती कचेरीतील एका कर्मचाऱ्याने आरोपितांची यादी गुप्तपणे ठेवलीच होती. तिच्यात ७०३ नावे होती. म्हणजे यादी करण्यास स्वातंत्र्य आड येत नव्हते. ती यादी आयाबायांना दाखविण्यास मात्र येत होते.

आता याच साक्षीदाराला दुसरा प्रश्न विचारू. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक ही त्या संघटनेतील अत्यंत मोठ्या मंडळ्यांपैकी एक, आणि केंटकी राज्यातील फर्न क्रीक ही एक लहान मंडळी. दोहोंनी आपापल्या स्वातंत्र्याचा वापर करून स्त्रियांना पाळकपद दिले. फर्न क्रीक येथे तर लिंडा बार्न्स पॉपम या सुमारे तीस वर्षे पाळकाचे काम करीत होत्या, आणि त्यांच्या सभासदांची त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नव्हती. २००० साली संघटनेने आपल्या श्रद्धापत्रकात पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित केले होते. त्याच वर्षी कार्टर यांनी स्त्रियांच्या प्रश्नावर त्या संघटनेशी आपला संबंध तोडल्याचे जाहीर केले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्यकारी समितीने या मंडळ्यांना बाहेर काढले; जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनाने ते अपील प्रचंड बहुमताने फेटाळले. तेव्हा स्वातंत्र्याचे तत्त्व कोठे गेले होते? आम्हांला अधिकार नाही, हे वाक्य त्या दिवशी कोणाच्या तोंडून का निघाले नाही? मुलीचे रक्षण करावयाचे असते तेव्हा मंडळी स्वतंत्र, आणि स्त्री व्यासपीठावर उभी राहते तेव्हा मंडळी परतंत्र!

प्रतिपक्षाला न्याय द्यावा म्हणून सांगतो की, अत्याचाराकडे डोळेझाक करणाऱ्या व वर्णभेद पाळणाऱ्या मंडळीला संघटनेत स्थान नाही, अशी कलमे २०२१ साली त्यांच्या घटनेत आली. तसेच स्त्रीपाळकांवरील बंदी घटनेतच घालावी ही दुरुस्ती २०२४ व २०२५ अशा दोन्ही वर्षी दोनतृतीयांश मतांअभावी पडली. पण दोन्ही वेळा तिच्या बाजूने शंभरात साठाहून अधिक मते होती. बहुमत कोणीकडे होते, हे यावरून कळावे.

आणि काम कोण करीत होते? नॅनी हेलन बरोज या तरुण कृष्णवर्णीय बाईने १९०० साली रिचमंड येथील कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांच्या अधिवेशनात भर सभेत सांगितले की, भगिनींना हातभार लावण्यापासून रोखले जात आहे. त्या भाषणातून स्त्रियांचे वेगळे अधिवेशन उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ साली माँटगोमेरीच्या डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. तेथील डीकन पाळकाला नमविण्याबद्दल प्रसिद्ध होते. किंग यांनी पहिल्याच वर्षीच्या कार्यक्रमात लिहून दिले की, नेतृत्व व्यासपीठावरून बाकांकडे उतरते, बाकांवरून व्यासपीठाकडे चढत नाही. हा विचार मला मुळीच पटत नाही. तरी त्याच कागदात त्यांनी प्रत्येक सभासदाने मतदार म्हणून नाव नोंदवावे, असेही घातले. याच मंडळीच्या सभासद जो ॲन रॉबिन्सन यांनी १ डिसेंबर १९५५ च्या रात्री, रोझा पार्क्स यांना अटक झाल्याचे कळताच, महाविद्यालयातील यंत्रावर बसबहिष्काराची हजारो पत्रके रात्रभर जागून काढली. बहिष्कार सुरू झाला आणि त्याच्या अध्यक्षपदी सव्वीस वर्षांचा पाळक बसला. पुढे दक्षिणेतील धर्मोपदेशकांच्या संघटनेची कचेरी एला बेकर यांनी उभी केली. पण कायमचे मुख्य अधिकारपद त्यांना कोणी दिले नाही. ती संघटना वर्णभेदाशी प्राणपणाने लढणाऱ्या बॅप्टिस्ट पाळकांची होती. एका जोखडाविरुद्ध लढणारा माणूस दुसरे जोखड आपल्या बायकोच्या मानेवर सहज ठेवू शकतो. किंख्रियाच्या मंडळीची फिबी हिला खुद्द बायबलात 'सेविका' म्हटले आहे, व मूळ ग्रीक शब्द डीकनचाच आहे. पण ज्यांना ऐकावयाचेच नाही त्यांना ग्रीक शिकवून काय उपयोग? आमच्या विहारात वंदनेला निम्म्याहून अधिक बाया असतात, खीर त्याच रांधतात, आणि समितीच्या फलकावर नावे कोणाची असतात, हे वाचकांनी येत्या पौर्णिमेस स्वतःच वाचून पाहावे.

बहुमत तर बहुमत, लोकशाहीत दुसरे काय असते, असा यावर आक्षेप येईल. कायद्याचा विद्यार्थी असे कधीच म्हणणार नाही. ज्याच्याविरुद्ध मत गेले त्याला ठोठावण्यासाठी दुसरे दार आहे की नाही, हा कायद्यातील पहिला प्रश्न. मूलभूत हक्क हे बहुमताच्या हाताबाहेर ठेवलेले हक्क. म्हणून तर ते घटनेत लिहावे लागले. अमेरिकेत हे दुसरे दार जवळजवळ बंद आहे. धर्मसंस्थांच्या अंतर्गत वादात तेथील न्यायालये दीडशे वर्षे हात आखडता घेत आली, आणि २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, धर्मोपदेशकाची नेमणूक वा बडतर्फी भेदभावाची असली तरी त्याला नोकरीविषयक कायद्याखाली दावा लावता येत नाही. आमच्या महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत अर्ज करावा लागतो, हिशेब तपासून घ्यावे लागतात, तारखा पडतात, पक्षकार चिडतात. मीही तेथील बाकांवर पुष्कळ दुपारी घालविल्या आहेत. पण ही कटकट म्हणजेच ते दुसरे दार होय, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगत असतो.

हा प्रश्न परक्यांचा आहे असे समजून पान उलटू नये. भारतातील बॅप्टिस्टांत आमच्यासारखीच अस्पृश्य गणली गेलेली माणसे लाखोंनी आहेत. आंध्रातील ओंगोल भागात चामड्याचे काम करणाऱ्या मादिगांत यर्रगुंटला पेरिया या पुरुषाने धर्मांतराची वाट पाडली. अमेरिकन मिशनरी जॉन क्लफ याने त्यास १८६६ साली बाप्तिस्मा दिला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात क्लफने बकिंगहॅम कालव्याच्या तीन मैलांच्या खोदाईचा मक्ता घेऊन उपाशी लोकांना काम दिले. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ माणसांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो पाळीपाळीने सहा तेलुगू उपदेशकांनी दिला. थोड्याच वर्षांत ओंगोलची मंडळी वीस हजारांवर सभासदांची झाली. पण वीस हजार माणसांची सभा कोठे भरते? तत्त्वात मंडळीचे स्वराज्य होते, व्यवहारात तिजोरीची किल्ली परदेशी मिशनरीकडे होती. पाण्यात उतरून बाप्तिस्मा देणारे हात मादिगांचे, आणि जमाखर्चावर सही साहेबाची. तेलुगू बॅप्टिस्ट मंडळ्यांची स्वतःची मध्यवर्ती संघटना उभी राहिली ती १९६२ साली.

आज या मंडळ्यांत पाळक व डीकन आमच्याच रक्ताचे आहेत. मिशनरी गेला, आणि त्याच्या जागी एक सरकारी कागद येऊन बसला. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यास अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ साली त्यात शिखांना घेतले. आम्हां बौद्धांना चौतीस वर्षे बाहेर उभे करून १९९० साली आत घेतले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे. परिणाम असा की, ज्या मादिगाच्या हाती जातीचा दाखला आहे, ज्याचा मुलगा राखीव जागेवर शिकतो आहे, त्याने मंडळीच्या सभेत डीकन म्हणून नाव येऊ द्यावे तरी कसे? तो मागच्या बाकावर बसतो, वर्गणी देतो, आणि नोंदवहीत सही करण्याचे टाळतो. मंडळीत सेवा कोणी करावी, हे येथे सभा ठरवीत नाही, तहसील कचेरी ठरविते. पाळकाला तर लपताही येत नाही. आंध्र प्रदेशातील एका पाळकाने जातीवाचक शिवीगाळ व मारहाण झाल्याची तक्रार अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदविली होती. तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये असे ठरविले की, हा इसम अनेक वर्षे पाळक असल्याने ख्रिस्ती आहे, सबब तो अनुसूचित जातीचा उरत नाही आणि त्याला त्या कायद्याचे संरक्षण मिळणार नाही. त्याचा दाखला रद्द झालेला नसला तरीही. तो बॅप्टिस्ट होता की आणखी कोणत्या पंथाचा, हा प्रश्न येथे गौण आहे. शिवी देणाऱ्याने त्याचा पंथ विचारला असेल काय?

आमचेच काही बंधू कुजबुजतात की, त्यांना आत घेतले तर आमच्या वाट्यातील घास कमी होईल. १९९० पूर्वी आमच्याविषयी हीच कुजबुज कोण करीत होते, ते या बंधूंनी आठवावे. वाटा वाढवून मागण्याची लढाई आपण सरकारशी करू. उपाशी माणसाचे ताट ओढून ती जिंकता यावयाची नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. आमच्या संस्थांनी, महिला मंडळांनी व वकील संघांनी तिसरा परिच्छेद पुरता रद्द करण्याची मागणी लेखी नोंदवावी, आणि तिच्याखाली सह्या करताना विहार समितीतील पुरुषांच्या आधी वंदनेला येणाऱ्या बायांपुढे कागद धरावा.